डाव्या हाताच्या चाकूची पोच

ती. तात्यांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही घडवलेला चाकू लागू पडला. मला पाल्हाळ लावायची सवय आहे, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिलं. तुम्ही मोबाइल हातात धरत नाही, पण तुमचा नातू धरतो, तो वाचून दाखवेल. बाकीच्यांनीही वाचावं असं मला वाटतं, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव, गाव, रस्ता काही घातलेलं नाही. "नाव घालू नको गो, उद्या रांग लागतली आणि माका लावणी करूची आसा," असं तुम्हीच बजावलंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. तात्या लोहार आहेत. मी सिंधुदुर्गात एका रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधते. मजुरी जगलेल्या कलमावर मिळते, वाळलेल्यावर नाही. आणि मी डावखुरी आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते मी गेली कित्येक वर्षं भोगलंय.

हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खाली रोप रायवळाचं, म्हणजे साध्या गावठी आंब्याचं, चालतं, काडी मात्र हापूसच्याच झाडाची लागते. जुनी माणसं भेट कलम बांधायची. त्यात जोड पक्का होईपर्यंत दोन्ही झाडं आपापल्या मुळांवर उभी, त्यामुळे काप थोडा वाकडा गेला तरी निभावून जायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोय कलमाचा प्रसार केला आणि काम झपाट्यानं व्हायला लागलं, पण कापाला माफी उरली नाही. कोयीतून नुकतंच आलेलं तांबूस पानांचं रोप, त्याला उभी चीर, आणि त्या चिरेत काडीची पाचर. झाडावरून एकदा तोडलेली काडी तेवढ्या जोडावरच जगायची असते. पाचर एका ओढीत, सपाट निघायला हवी. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी साल सालीला भेटत नाही, आत पाणी शिरतं, आणि काडी काळी पडते.

आता चाकूचं. कलमाच्या चाकूला धार बहुधा एकाच अंगानं काढलेली असते. दुसरं अंग सपाट, आणि तेच लाकडाला टेकून सरकायला हवं. आमच्या बाजारात मिळणारा प्रत्येक चाकू उजव्या हाताचा विचार करून घडवलेला. तो मी डाव्या हातात धरला की उतरतं अंग लाकडाकडे येतं. पातं सरळ जायचं सोडून वर उसळतं, पाचर मध्येच खोलगट होते. बघणाऱ्याला वाटतं, बाईचा हात बसलेला नाही. दहा माणसांत एखादा डावखुरा असतोच की हो! पण हे दुकानदारांना सांगायला गेलं की ते आपल्याकडेच असं बघतात, जणू डावखुरेपण मी हौसेनं घेतलंय.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठं कुठं डोकं आपटलं ते तुम्ही विचारलं नाहीत. तरी सांगते, कारण त्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही.

प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवणाऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "उजव्या हाताची सवय लावून घ्या, सोपं आहे." त्यांना कुणी कधी डाव्या हातानं जेवायला बसवलं असतं तर सोपं म्हणजे काय ते कळलं असतं. शहरातल्या एका मोठ्या दुकानानं डाव्या हाताचा चाकू मागवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले. आला तो उजव्या हाताचाच, फक्त खोक्यावर वेगळी चिठ्ठी. परत घ्यायला नकार. मग ग्रिल आणि दरवाजे करणाऱ्या एकानं "त्यात काय, उलट्या बाजूनं घासून देतो" म्हणत ग्राइंडरवर पातं धरलं. ठिणग्या उडाल्या, तो खूश झाला, आणि धारेचा पट्टा निळा पडला. पोलाद तापून निळं झालं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, हे त्याला माहीत नसेल असं मी म्हणणार नाही. माहीत होतं, फिकीर नव्हती. तो चाकू दुपारपर्यंत बोथट व्हायचा. माझ्या मालकिणीनं तो आता चिकटपट्टी कापायला ठेवलाय.

तुमच्याकडे मी खरं तर कोयता शेवटून, म्हणजे धार काढून, घ्यायला आले होते. चाकूचा विषय बोलता बोलता निघाला. तुम्ही कोयता बाजूला ठेवलात, जास्वंदीची एक काडी तोडून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "पाचर काढून दाखव." मी काढली. तुम्ही हाताकडे बघत होता, काडीकडे नाही. मग एवढंच बोललात, "हात सरळ आसा. चाकू वाकडो आसा."

तात्यानू, एवढ्या वर्षांत हे वाक्य मला कुणी बोललं नव्हतं.

चाकू कसा केलात ते मी इथं लिहीत बसत नाही, अर्धं मला कळलंही नाही. तुमच्या वडलांच्या वेळची झिजून गुळगुळीत झालेली कानस तुम्ही काढलीत, कारण गाडीच्या कमानपाट्याचं लोखंड कोयत्याला ठीक, पण बारीक धार कानशीच्या पोलादाला जास्त टिकते म्हणालात. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आलाय, पण पाणी देताना तुम्ही वरची ट्यूबलाइट बंद करायला लावलीत, कारण उजेडात तापल्या पोलादाचा रंग फसवतो. नंतर पुन्हा हलकी आंच देताना पात्यावर गवताच्या काडीचा पिवळा रंग चढला आणि तुम्ही झटक्यात बाजूला घेतलंत. तो ग्राइंडरवाला तिथं असायला हवा होता, एवढंच मनात आलं. चाकूच्या पाठीवर कानशीच्या जुन्या दातांच्या तिरप्या रेषा अजून दिसतात. त्या घासून काढू का विचारलंत, मी नको म्हटलं. अंगठा तिथं बरोबर टेकतो आणि ओल्या हातातनं सटकत नाही.

पण मला आभार मानायचेत ते खरं म्हणजे म्यानाचे.

म्यान मी मागितलंच नव्हतं. आम्ही कलमं बांधणाऱ्या बायका गाउनवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालून दिवसभर उकिडव्या बसतो. चाकू कधी शर्टाच्या खिशात, कधी मातीत रोवलेला, कधी पिशव्यांच्या ढिगावर. मातीत रोवला की धार जाते आणि जोडात घाण जाते. खिशात ठेवला की कधी ना कधी मांडीला लागतो. माझ्या बरोबरीच्या एकीला चांगले टाके पडलेत. मी तुम्हाला म्हटलं की चांभाराकडून चामड्याचं काहीतरी शिवून घेईन. तुम्ही मान हलवलीत. "चामडां पावसात पाणी धरतां, नि पातां गंजतां." आमचं कोय कलमाचं काम नेमकं जून ते ऑगस्ट, म्हणजे अंगावरचे कपडे वाळत नाहीत त्या दिवसांत. मग तुम्ही शिवणीच्या झाडाच्या हलक्या लाकडाची एक फळी काढलीत, मधोमध फाडलीत, आणि पात्याच्या आकाराची खाच दोन्ही अर्धांत कोरायला घेतलीत. तळाशी भोक ठेवलंत, पाणी आणि माती खाली गळून जायला. आपल्याकडे कोयता कमरेला अडकवायची लाकडी आकडी असते, तिच्याच कुळातलं हे.

इथवर म्हणजे कारागिरी. कारागिरी चांगली असली तर पैसे देऊन माणूस मोकळा होतो. पुढचं तसं नव्हतं.

म्यान जवळजवळ झालं तेव्हा मी उभी होते आणि तुम्ही ते माझ्या डाव्या कमरेला धरून बघितलंत. बरोबर बसलं होतं. दुसऱ्या कुणीही तिथंच दोरी ओवली असती. तुम्ही म्हणालात, "बस बघू खाली. कामाक बसतंस तशी." मी भट्टीसमोर उकिडवी बसले. बसल्यावर मांडी वर आली आणि म्यानाचं टोक तिला लागून तोंड बरगडीत घुसलं. उभ्यानं हे कधीच कळलं नसतं. मग तुम्ही, गुडघे धरलेले, भिंतीला हात टेकत टेकत, माझ्यासमोर स्वतः उकिडवे बसलात. सुनेनं पाट पुढे सरकवला तो नको म्हणालात. खालच्या विझलेल्या कोळशाचा एक तुकडा उचललात आणि म्यान मांडीला जिथं जिथं टेकत होतं तिथं काळी खूण केलीत. उठलात, तेवढं लाकूड तासलंत, परत बसलात, परत खूण. किती वेळा, ते मी मोजलं नाही. दर वेळी उठताना तुमच्या तोंडून "आई गो" निघत होतं आणि दर वेळी मी म्हणत होते की तात्यानू, चालेल, पुरे. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं.

शेवटी म्यान तिरपं झालं, तोंड थोडं पुढे, मांडी मोकळी. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून तुम्ही तो मागून ओवलात, म्हणजे भिजला तरी कुजायला नको. मग म्हणालात, "आता डोळे मीट नि चाकू घाल." मी मीटले. पातं आपोआप खाचेत गेलं आणि मूठ लाकडाला टेकून टक् असं वाजलं. तुम्ही हसलात. "काम करताना तुझी नजर काडयेर आसतली, कमरेर नाय."

घरी येताना एसटीत मी रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का. काय सांगणार? एक म्हातारा माणूस माझ्यासाठी खाली बसला म्हणून रडतेय, हे सांगून कुणाला पटेल?

हिशेब करायला बसलं तर त्यात मोठं काही नाही. फळीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, कारण "तां लाकूड चुलीतच जाणार होतां." पण ज्यांच्याकडे मी आधी गेले ते सगळे माझ्याशी उभ्याउभ्या बोलले. साहेब उभे, दुकानदार काउंटरच्या पलीकडे, ग्रिलवाला तर पाठमोराच. मी दिवसभर कशी बसते, हे बघावंसं एकालाही वाटलं नाही. अशी बघणारी माणसं अधूनमधून भेटतात तेव्हा गाव राहण्यासारखं वाटतं. आमच्या बाजारात कपडे शिवणाऱ्या एक वहिनी आहेत, त्यांनी मी न सांगता माझ्या शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे घेतला. डावखुरीला डाव्या छातीवरच्या खिशात हात घालता येत नाही, हे त्यांनी मला नुसतं पैसे काढताना बघून ओळखलं. यातल्या कुणाचा सत्कार होत नाही, शाल-श्रीफळ मिळत नाही. आणि ज्यांनी मला उलटा चाकू विकला त्यांच्या दुकानात उत्कृष्ट सेवेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. असो. ते प्रमाणपत्रही उजव्या हातानंच लिहिलं असणार.

यंदाच्या कलमांबद्दल सांगते. मृगानंतर बांधलेल्यांतल्या बऱ्याच काड्यांना तांबूस कोंब आलेत. वाळलेल्या काड्या उपटून टाकायचं काम दर वर्षी माझ्याच वाट्याला जास्त यायचं, या वर्षी मालकीण स्वतः येऊन माझ्या रांगा बघून गेली आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे पसंतीच. चाकू आठवड्यातून एकदा दगडावर फिरवते, तुम्ही दाखवलंत तसा, सपाट अंग अजिबात न उचलता. म्यानाच्या तोंडाशी लाकूड थोडं फुगलंय, पावसामुळे. ते वाळल्यावर बसेल की तासावं लागेल, एवढं सांगा.

आणि एक काम आहे. माझी भाची यंदा आमच्याकडे शिकायला लागली. ती उजव्या हाताची, पण हात लहान आहे, बाजारातली मूठ तिच्या मुठीत मावत नाही. दिवाळीनंतर तिला घेऊन येते. या वेळी म्यानाचेही पैसे घ्यायचे, नाहीतर मी फळी घरून आणीन. आणि सुनेचं न ऐकता खाली बसायचं नाही.

तुमच्यासाठी मी दोन कलमं वेगळी बांधून ठेवलीत, या चाकूनं. पुढच्या मृगात लावता येतील. हापूस हवा की रत्ना, ते कळवा. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं 1981 मध्ये दिलेला. हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो, रत्नाचं तसं नाही, आणि त्यात साका, म्हणजे गरातला पांढरट, आंबट भाग, तोही निघत नाही. चवीचं म्हणाल तर तुम्ही हापूसच म्हणणार हे मला माहीत आहे, तरी विचारते. मागच्या परड्यात विहिरीपासून लांब, ऊन लागेल अशी जागा बघून ठेवा. खड्डा तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल लागतो. तो तुम्ही खणायचा नाही, मी भावाला पाठवते.

तुमची,
रोपवाटिकेतली डावखुरी