अल्कोहोल म्हणजे पिशाच्च नव्हे, सुरमा!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अल्कोहोल या शब्दावरची चौकट वाचली, त्यात अरबीत त्याचा अर्थ 'शरीर खाणारं पिशाच्च' असा दिलाय. हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर कधीपासून फिरतोय, तिथे सोडून देतो आपण, पण पेपरात छापून आलं की लोक ते खरंच धरतात म्हणून लिहितोय.

अरबीत घूल म्हणजे पिशाच्च हा शब्द आहे, नाही असं नाही. पण त्या शब्दाचं मूळच वेगळं. अल्कोहोल आलाय अल-कुह्ल वरून, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. पुढचं अल हे नुसतं उपपद, इंग्रजीतल्या 'द' सारखं, अल्कली आणि अल्जिब्रातही तेच आहे.

आता सुरम्याची दारू कशी झाली? सुरमा करायचे अँटिमनी सल्फाइडच्या खनिजाची अगदी वस्त्रगाळ पूड करून, मग युरोपातले किमयागार कुठल्याही तशा बारीक पुडीला अल्कोहोल म्हणायला लागले, आणि हळूहळू जाडंभरडं काढून टाकल्यावर जे शुद्ध सत्त्व उरतं त्यालाही तेच नाव पडलं. 16व्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्य-किमयागाराने वाईनमधून काढलेल्या अर्काला 'अल्कोहोल विनी' म्हटलं, विनी म्हणजे वाईनचं. पुढे विनी गळालं, अल्कोहोल तेवढं राहिलं, आणि पूड वगैरे सगळे विसरले. (स्पिरिट हा शब्द लॅटिनमधला, श्वास या अर्थाचा, त्यातही भूतबित काही नाही, पण मेसेज लिहिणाऱ्यांना तिथूनच सुचलं असावं असा आपला माझा अंदाज.)

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. केमिस्ट लोकांनी या शब्दाचे दोन्हीकडून तुकडे केले, शेपटीकडचा 'ओल' मिथेनॉल, इथेनॉल, ग्लिसरॉलला लागला, आणि अल्कोहोलमधून हायड्रोजन काढला की जे मिळतं त्याला लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 'अल्कोहोल डिहायड्रोजिनेटस' वरून अल्डिहाइड म्हटलं. म्हणजे पोरं लॅबमध्ये अल्डिहाइडची टेस्ट करतात तेव्हा ते अरबी उपपदच उच्चारत असतात, आणि कुणाला पत्ता नसतो.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि अँटिमनी (सुरम्याच्या खनिजातलं मूलद्रव्य) या शब्दाचा अर्थ 'साधूंचा कर्दनकाळ' ही गोष्ट रांगेत असेल तर तीही थांबवा, ती पण अशीच मागाहून रचलेली आहे.

आपला एक नियमित वाचक