गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीला घरची वायर लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा गेटकडे, तिकडे सेमाडोह, लोणारपर्यंत घरीच बनवलेल्या कॅम्पर गाड्या दिसायला लागल्यात. जुनी ट्रॅव्हलर नाहीतर विंगर घ्यायची, सीटा काढायच्या, पलंग टाकायचा, फॅन, लाइट, छोटा फ्रीज लावायचा. चांगलंच आहे, सरकारनं पण २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आपल्या भागात चार लोकं येतील तर दोन पैसे फिरतील. पण या गाड्यांमध्ये दुसरी बॅटरी बसवून ती डायनामोवर (इंजिनावर फिरून गाडीसाठी वीज बनवतो तो) चार्ज करायचं काम लोकं ज्या पद्धतीनं करून राहिले ते पाहून मला खरंच भीती वाटते.

मी तालुक्याच्या गावी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. मागे एक गाडी आली, तक्रार अशी की मागची बॅटरी भरतच नाही, बॅटरी बदलून द्या. बॅटरी चांगली होती, १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) लिथियम. खालचं रेक्झिन उचललं तर पुढून मागेपर्यंत घराच्या फिटिंगची ४ स्क्वेअरची (तांब्याची जाडी ४ चौरस मिलिमीटर) वायर, पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली, रबरी बुश नाही, काठावर घासून तांबं उघडं पडलेलं आणि फ्यूज कुठेच नाही.

आता हिशोब बघा. जायची-यायची मिळून १० मीटर वायर आणि ३० अँपिअर करंट धरला तर ४ स्क्वेअरच्या वायरीत जवळपास १.३ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे डायनामोनं १४.२ दिले तरी मागे १२.९ पोचतात, मग लिथियम भरणार कशी, तिला १४ च्या वर पाहिजे. तेच १६ स्क्वेअर टाकली तर ०.३ व्होल्टच पडतो. शिवाय नव्या बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत पुढची बॅटरी भरली की डायनामो स्वतःच व्होल्टेज कमी करतो, तिथे नुसता रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) लावून भागत नाही, डीसी-टू-डीसी चार्जर (व्होल्टेज मागच्या बॅटरीला पाहिजे तेवढं करून करंट आवरून देणारा) लागतोच. जुन्या गाडीत लिथियम असली तरी तो लावा, कारण लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि गाडी उभ्यानं चालू ठेवली तर डायनामो तापून जळतो.

आणि फ्यूज दोन लागतात, हे तर कोणी ऐकतच नाही. वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे ना, मग ती मधेच बॉडीला लागली तर करंट दोन्हीकडून येतो, एका बाजूचा फ्यूज उडाला तरी दुसरी बॅटरी वायर पेटवू शकते. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांपाशी वीतभर अंतरात फ्यूज पाहिजे आणि तो वायरीला झेपेल एवढाच पाहिजे. रात्री लेकरंबाळं त्या गाडीत झोपतात हो!

आपल्याकडचं ऊन वेगळंच. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून जास्त. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांना ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नका असं कंपनीच सांगते, म्हणून बॅटरी इंजिनाजवळ किंवा उन्हाच्या बाजूला ठेवू नये. काही जण घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पलंगाखाली ठेवतात, ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हा गॅस पेट घेतो, त्याला बाहेर जायला वाट नसेल तर ती बॅटरी माणसं झोपतात तिथे ठेवूच नका.

यात गावच्या वायरमनला दोष देऊन काय होणार, त्याला २३० व्होल्टचं घर माहीत आहे, १२ व्होल्टला करंट किती वाढतो हे त्याला कोणी दाखवलंच नाही. माझी विनंती आहे की तालुक्याच्या आयटीआयमध्ये दोन-तीन दिवसांचा वर्ग घ्या, वायर कशी निवडायची, लग्ज (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड) कसे दाबायचे, अर्थिंगसाठी, म्हणजे मायनस वायर बॉडीला जोडायला, रंग खरवडून बोल्ट कसा घ्यायचा, हे हातानं करून शिकवा. गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी लागतेच, तर तपासताना रेक्झिन उचलून दोन फ्यूज आहेत का एवढं साहेबांनी बघावं. वर्ग सुरू झाला तर शिकवायला मी रविवारी फुकट यायला तयार आहे, वायर, फ्यूज, लग्ज दाबायचं क्रिम्पिंगचं टूल माझं आणीन.

आपला वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, जि. यवतमाळ