खरेदी विभागाच्या खुर्चीतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या व्यापार पुरवणीत व्यावसायिक संपर्कांना मेल पाठवून विक्री कशी वाढवावी, यावर लेख आला होता. मेल कोणत्या वारी पाठवावा, किती वाजता पाठवावा, विषयात आकडा घालावा का, हे सगळं त्यात सविस्तर होतं. तो मेल ज्याच्या पुढ्यात पडतो त्या माणसाबद्दल मात्र जेमतेम दोन ओळी होत्या. मी ११ वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात बसून असे मेल घेतले आणि गेली ६ वर्षं मोजमापाची उपकरणं कॅलिब्रेट करून, म्हणजे त्यांची अचूकता तपासून, प्रमाणपत्र देणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी असे मेल लिहिते आहे. दोन्ही खुर्च्यांवर बसले असल्यामुळे हे पत्र लिहावंसं वाटलं.

खरेदी विभागात सकाळी संगणक सुरू केला की ६०-७० मेल थांबलेले असत. त्यातले निम्मे अनोळखी पुरवठादारांचे. ते मी वाचत नव्हते, हे आज स्पष्टच सांगते. पाठवणाऱ्याचं नाव आणि विषयातले पहिले चार-पाच शब्द दिसले की बोट आपोआप डिलीटकडे जाई. ‘आम्ही या क्षेत्रातील अग्रगण्य...’ एवढं दिसलं तरी पुरे. दुपारपर्यंत तीन कोटेशनांचा तक्ता करून साहेबांना द्यायचा असे, खाली लाइनवर कुठला तरी सुटा भाग संपत आलेला असे, स्टोअरमधून दोनदा फोन येऊन गेलेला असे. अशा वेळी दुसऱ्याच्या कंपनीचा इतिहास वाचायला कोण बसेल?

त्या ११ वर्षांतला एक मेल मात्र मला अजून जसाच्या तसा आठवतो. विषय होता : ‘७ प्रेशर गेजची मुदत पुढच्या महिन्यात’. आत चार ओळी. आदल्या वर्षी त्यांनीच तपासलेल्या, दाब मोजणाऱ्या सात गेजचे क्रमांक, प्रत्येकाच्या प्रमाणपत्राची तारीख, गेज काढून पाठवणं अवघड असेल तर आमचा माणूस जागेवर येईल, आणि शेवटी एकच प्रश्न : मंगळवार सोयीचा की गुरुवार? आमचं ऑडिट सहा आठवड्यांवर आलं होतं आणि या तारखा माझ्या ध्यानातून निसटल्या होत्या. मी लगेच ‘गुरुवार’ असं एका शब्दाचं उत्तर पाठवलं. त्या मेलात रंगीत चित्र नव्हतं, सवलत नव्हती, घाई करणारं वाक्य नव्हतं. माझं काम त्यांना माझ्याइतकंच नीट माहीत होतं, म्हणून तो मेल मी वाचला.

एवढा अनुभव गाठीशी असूनही नव्या नोकरीत पहिल्याच महिन्यात मी उलटं वागले. कंपनीकडे अनेक वर्षांची व्हिजिटिंग कार्डं, प्रदर्शनांत भरून घेतलेले फॉर्म, जुन्या चौकशा असं सगळं साठलं होतं. त्यातून १,३४० पत्त्यांची यादी केली आणि सगळ्यांना एकच मेल, सोबत भलंमोठं कॅटलॉग जोडून, एका दुपारी पाठवून दिला. दोनशेच्या वर मेल बाउन्स होऊन परत आले. ती माणसं केव्हाच नोकरी सोडून गेली होती. उत्तरं आली दोन, त्यातलं एक ‘माझा या कामाशी संबंध नाही, नाव काढा’ असं. खरं नुकसान तिसऱ्या आठवड्यात कळलं. एका जुन्या ग्राहकाचा फोन आला, कोटेशन मिळालंच नाही म्हणून. ते त्यांच्या स्पॅममध्ये पडलं होतं. किती मेल परत येतात, किती जण ‘स्पॅम’चं बटण दाबतात, यावरून मेल सेवा पाठवणाऱ्या डोमेनची, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या कंपनीच्या नावाची, पत ठरवतात. आमची बिलं, कोटेशनं, प्रमाणपत्रं सगळी त्याच डोमेनवरून जात होती. ती पत सावरायला आम्हाला चार महिने लागले आणि त्या काळात आमचे हिशेबनीस प्रत्येक बिल पाठवल्यावर फोन करून ‘मिळालं का’ असं विचारत होते.

घाऊक मेलच्या बाजूने एक जुनी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क या संगणक कंपनीतल्या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण एकाच संदेशातून धाडलं. पत्ते इतके होते की पत्त्यांच्या रकान्यात मावेनात, उरलेले खाली मजकुरात सांडले. तक्रारी झाल्या, समजही मिळाली, पण त्यातून विक्रीही झाली, असं थुर्क पुढे सांगत राहिले. झाली असेल. पण त्या लोकांनी तोवर असा व्यापारी संदेश पाहिलाच नव्हता. आज खरेदी विभागातल्या माणसाला ते कुतूहल उरलेलं नाही. त्याच्यासमोर असे मेल रोज तीस येतात.

नियमही आता घेणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले आहेत. अमेरिकेचा व्यापारी मेलबद्दलचा २००३ चा कायदा कंपन्यांनी कंपन्यांना पाठवलेल्या मेललाही लागू आहे. विषय फसवा नसावा, टपालाचा पत्ता द्यावा आणि ‘नाव काढा’ म्हणणाऱ्याचं नाव कामाच्या १० दिवसांत काढावं, असं तो सांगतो. कॅनडाने तर २०१४ पासून मेल पाठवण्याआधी घेणाऱ्याची संमतीच आवश्यक केली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने रोज ५,००० वा अधिक मेल पाठवणाऱ्यांवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क हे मेल खरोखर त्याच डोमेनवरून आल्याचे तिन्ही तांत्रिक पुरावे, जाहिरातीच्या मेलात एका क्लिकवर बाहेर पडायची सोय, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणं बंधनकारक केलं. ०.३ टक्के म्हणजे हजारात तिघे. आमची यादी रोजच्या ५,००० मेलच्या जवळपासही नाही, तरी आम्ही हे सगळं करून घेतलं. बाहेर पडायचं बटण सापडलं नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. मी स्वतः दाबत असे.

लेखात ‘ओपन रेट’ वाढवण्यावर भर होता. त्याबद्दल सावध करावंसं वाटतं. मेल उघडला की नाही, हे त्यात दडवलेल्या एका पिक्सेलच्या, म्हणजे ठिपक्याएवढ्या, चित्रावरून मोजतात; ते चित्र उतरवलं गेलं की मेल उघडला असं धरतात. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये अशी चित्रं आधीच उतरवून घेणारी सोय आणली, त्यामुळे माणसाने न पाहिलेला मेलही ‘उघडला’ म्हणून मोजला जातो. कंपन्यांचे सुरक्षा फिल्टर तर आतल्या लिंकही आपणहून तपासून पाहतात. मी आता फक्त उत्तरं मोजते.

मी आता कशी लिहिते, तेही सांगते. १,३४० ची यादी ४१० वर आणली. प्रत्येक नावापुढे ते कुठून आलं, त्या माणसाचं काम काय आणि त्याच्याकडे कोणती उपकरणं आहेत हे लिहिलं. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येईना, ते नाव काढलं. गुणवत्ता विभागाच्या माणसाला ऑडिटची चिंता असते, खरेदीवाल्याला दराची आणि तारखेची, स्टोअरवाल्याला उपकरण किती दिवस बाहेर राहील याची. तिघांना एकच मेल पाठवणं म्हणजे तिघांपैकी कोणालाच न पाठवणं.

विषयात कामाचा शब्द अगदी पुढे घेते, कारण फोनच्या पडद्यावर ३०-४० अक्षरांनंतरचं दिसत नाही. विषयाखाली मजकुराची पहिली ओळ दिसते. तिथे ‘मेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा’ असं लिहून कितीतरी कंपन्या ती जागा घालवतात. मसुदा झाला की ‘आम्ही’ किती वेळा आलंय ते बघते आणि त्यातले बहुतेक खोडते. शेवटी एकच प्रश्न, फोनवरून एका शब्दात उत्तर देता येईल असा. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एक फॉलोअप, तोही हाती नवीन काही असेल तर. नंतर थांबते.

आणि एक गोष्ट कधीच करत नाही : विषयाआधी ‘आरई’ (Re:) ही उत्तराची खूण लावून, जणू आपलं आधी बोलणं झालंय असं भासवणं. खरेदीत असताना अशा मेलने मला दोनदा जुना पत्रव्यवहार धुंडाळायला लावलं होतं. त्या पुरवठादाराचं नाव मी पुढे कधी कोटेशनच्या यादीत घेतलं नाही. हल्ली ‘तुमच्या कंपनीचं काम फार प्रेरणादायी वाटलं’ अशी यंत्राकडून लिहून घेतलेली सुरुवातही बरीच दिसते. कोणतं काम, हे पुढच्या ओळीत येत नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

गेल्या वर्षी सर्वांत जास्त उत्तरं ज्या मेलला आली, त्यात विक्रीचं एक वाक्य नव्हतं. लांबी मोजण्याचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस असतं. १०० मिलिमीटरची पोलादी वस्तू १० अंशांनी तापली तर साधारण ११-१२ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. म्हणून तापलेल्या जागेतून आणलेला भाग लगेच मोजू नका, भाग आणि मोजायचं उपकरण, म्हणजे मायक्रोमीटर, एकाच टेबलावर पुरेसा वेळ राहू द्या. एवढंच लिहिलं होतं. ४१० पैकी २३ जणांनी उत्तर दिलं. काहींनी स्वतःच्या मोजणीतले घोळ सांगितले, एकाने टेबलाचा फोटो पाठवून ‘असं ठेवलं तर चालेल का’ विचारलं. त्यातल्या चौघांशी पुढे कामाचं बोलणं झालं.

आपल्याला एक विनंती आहे. या विषयावर पुन्हा लेख घ्याल तेव्हा मेल पाठवणाऱ्यांसोबत खरेदी, गुणवत्ता आणि स्टोअर विभागांतल्या चार-पाच जणांनाही बोलतं करा. अनोळखी पुरवठादाराच्या कोणत्या मेलला त्यांनी शेवटचं उत्तर दिलं आणि त्यात काय लिहिलं होतं, एवढंच त्यांना विचारा आणि छापा. मी तो अंक आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाचायला देईन.

आपली,
एक नियमित वाचक