समासातल्या तीन ओळी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मुंबईवरच्या कवितांच्या संकलनासाठी तुमच्या वडिलांच्या पाच कवितांची यादी तुमच्याकडे पाठवली होती. ती परत आली तेव्हा चौथ्या कवितेभोवती पेन्सिलीचा गोल होता आणि समासात तुमच्या बारीक अक्षरात तीन ओळी: 'ही बाबांनी गुजरातीवरून केलेली. अनुवादाची परवानगी आम्ही देऊ, पण मूळ कवीच्या घरी विचारल्याशिवाय छापू नका. बाबांनी तेव्हा फक्त दिवाळी अंकापुरतं विचारलं होतं.' खाली मूळ कवीच्या नातवाचा बोरिवलीचा फोन नंबर.

ताई, तुम्ही गप्प राहिला असतात तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तुमच्या वडिलांच्या संग्रहात 'गुजरातीवरून' हा शब्द फक्त अनुक्रमणिकेत, तोही बारीक टाइपात आहे. कवितेच्या पानावर एकटं तुमच्या वडिलांचंच नाव आहे. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा, मूळ रचनेचा मूळ कवीचा, आणि दोघांच्या मुदती वेगवेगळ्या चालतात. दिवाळी अंकाला दिलेला होकार पुस्तकाला लागू होत नाही. हे ठाऊक असलेली माणसं या धंद्यातही मोजकीच. ठाऊक असून स्वतःहून सांगणारं माणूस भेटलं की छातीवरचं ओझं उतरतं.

याच पाच कवितांसाठी आधी एका प्रकाशनसंस्थेकडे विचारणा केली होती. सात महिने 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. मग एक दिवस फोनवर उत्तर आलं, 'छापा हो, खाली साभार टाका, कोण बघतंय!' हे ऐकून अजूनही राग येतो. 'साभार' लिहिणं हे सौजन्य झालं, त्याने परवानगी मिळत नाही. कायद्याने परवाना लेखी लागतो, तोही हक्कदाराचा किंवा त्याने नेमलेल्या माणसाचा. चार ओळींपर्यंत चालतं, असंही सर्रास सांगतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ओळींचा असा कुठलाही आकडा नाही. समीक्षेसाठी उतारा देता येतो, पण संकलनात अख्खी कविता घ्यायची तर विचारायलाच हवं.

मुदतीतही गफलत होते. कवी गेल्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून त्यांच्या कविता १ जानेवारी २०१७पासून मोकळ्या झाल्या. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्यासाठी २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागेल.

परवानगीपत्राच्या मसुद्यावरही तुमची पेन्सिल फिरली. आम्ही नुसतं 'पुस्तकात वापरण्यास' लिहिलं होतं. ते खोडून तुम्ही लिहिलंत: 'छापील व ई-पुस्तक, मराठी, पहिली आवृत्ती, १००० प्रती'. असं नेमकं लिहिलेलं नसलं की पुढे ई-पुस्तक काढताना सगळं अडतं आणि पुन्हा साऱ्या वारसांच्या दारात जावं लागतं. पुढे प्रत्येक कवितेची पहिली ओळ, संग्रहाचं नाव, कुठली आवृत्ती, हेही तुम्हीच घातलंत, कारण दुसऱ्या आवृत्तीत वडिलांनी एक कडवं बदललं होतं. वारस तिघं, म्हणून सह्या तीन. पुण्याच्या भावाची सही कुरियरने मागवून मगच पत्र आमच्या हाती दिलंत. एका सहीवर काम भागवणारी घरं आम्ही पाहिली आहेत, आणि नंतर दुसऱ्या भावाची आलेली नोटीसही.

मानधनाचा विषय तुम्ही शेवटी काढलात, तोही 'बोरिवलीच्या घरी जेवढं द्याल तेवढंच आम्हाला' एवढ्याच शब्दांत. याबद्दल मनापासून आभार, ताई. याहून मोठा शब्द सुचत नाही.

बोरिवलीहून गेल्या आठवड्यात सहीचं पत्र आलं. त्यांची एकच अट आहे: मूळ कवीचं नाव आणि मूळ शीर्षक कवितेच्या पानावरच हवं. तसं घेतलं आहे, तुमच्या वडिलांच्या नावाच्या वर, त्याच टाइपात. पानाचं प्रूफ सोबत आहे. बदललेलं कडवं नीट आलंय ना, तेवढं एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. पेन्सिलीनेच खुणा करा.

आपले कृतज्ञ,
संपादक मंडळ, मुंबई