नाकपुडी पुसून इन्फ्लुएंझा सापडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोड्यांच्या इन्फ्लुएंझाच्या ‘अधिक संवेदनशील’ चाचणीची बातमी काल वाचली. आरटी-पीसीआरला विषाणूचा अगदी थोडा अंशही पुरतो, हे खरं. शास्त्रज्ञांचं अभिनंदन. पण तो अंश नळीत घालतो कोण आणि कसा, यावर आपल्या वार्ताहराने एक ओळही खर्च केली नाही.

आमच्याकडे वरातीच्या घोड्या आहेत. गेल्या लग्नसराईत एकीला ताप आला, कोरडा खोकला लागला. लगेच गुरांच्या दवाखान्यात कळवलं. माणूस उगवला आठवडा उलटल्यावर. कान कोरायच्या काडीएवढी कापसाची काडी त्याने नाकपुडीच्या तोंडाशी फिरवली, नळीत टाकली आणि नळी शर्टाच्या खिशात. ऐन मे महिन्यात! मी बर्फाचा थर्मास पुढे केला, तर म्हणतो, “काका, काही होत नाही.” रिपोर्ट आला तोवर पागेतल्या सगळ्याच खोकत होत्या. रिपोर्ट निगेटिव्ह. म्हणजे सरकारदरबारी आमच्या घोड्या ठणठणीत!

हा विषाणू पहिल्या दोन-तीन दिवसांतच भरपूर बाहेर पडतो. लांब स्वॅब नाकातून पार घशाच्या मागे न्यावा लागतो आणि नमुना थंड ठेवावा लागतो. लस टोचलेल्या घोड्यालाही हा रोग होतो, आणि त्याच्यात तर विषाणू आणखी कमी. ब्रिटनमध्ये २०१९ साली लस घेतलेलेच घोडे पॉझिटिव्ह निघाले आणि सहा दिवस शर्यती बंद राहिल्या. आपल्याकडेही २००८ मध्ये जम्मूतल्या कटऱ्याहून निघालेली साथ राज्याराज्यांत फिरली होतीच.

रक्ताचे दोन नमुने घेऊन प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वाढली का, हेही पाहता येतं. दुसरा नमुना दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचा असतो. आमच्याकडे त्यासाठी अजून कुणी फिरकलेलं नाही. पहिल्याचं काय झालं विचारलं, तर “वर पाठवलाय.”

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गावोगावचे घोडे एका मैदानात येतील. त्याआधी तालुक्याच्या दवाखान्यांना लांब स्वॅब आणि बर्फाचे डबे तेवढे मिळाले, तरी पुष्कळ झालं. नवी चाचणी सावकाश येऊ दे.

आणि हो, बातमीसोबतचा फोटो खेचराचा होता. हा रोग खेचरालाही होतो, त्यामुळे तक्रार नाही म्हणा. पण खाली ‘जातिवंत अश्व’ असं छापायची काय गरज होती?

आपला,
एक घोडेवाला, ता. शहादा