एका लाकडाच्या नावेचे नाव

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ओंटारिओतल्या तळ्यावर तू पहिल्यांदा कनू वल्हवलीस, हे वाचून तुझी आई आणि मी दोघेही हरखून गेलो. कनूला मराठीत ‘होडी’ म्हटले तर चालेल का, असे तू विचारले आहेस. बोलताना चालेल; पण होडी फळ्या जोडूनही बांधतात आणि ‘कनू’ या शब्दाच्या पोटात फळीच नाही, एक अखंड झाड आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा शब्द मूळचा इंग्रजी नाही आणि तू राहतेस त्या प्रदेशाचाही नाही. तो कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा आहे. 1492 च्या ऑक्टोबरात कोलंबस बहामा बेटांपाशी पोहोचला. 13 तारखेच्या नोंदीत तो सांगतो की हे लोक एकाच खोडातून घडवलेल्या लांब नावांतून जहाजाकडे आले. काही नावांत 40-45 माणसे होती, तर काहींत एकच. त्यांची वल्ही भट्टीत पाव सरकवण्याच्या लाकडी फावड्यासारखी होती. आणि नाव उलटली की सगळे पाण्यात उतरून तिला सरळ करीत व सोबतच्या तुंब्यांनी आतले पाणी उपसून टाकीत. इतके बारकाईने पाहणाऱ्या त्या माणसाने नावेला मात्र ‘अल्मादिया’ हे अरबीतून आलेले, खलाशांच्या सवयीचे नाव दिले. पंधरवडा पुरा होण्याआधी, 26 तारखेच्या नोंदीत, त्याच नावांसाठी ‘कनोआ’ हा तिथल्या लोकांचा शब्द येतो. मला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: जवळचा शब्द अपुरा पडला आणि ज्यांची वस्तू, त्यांचाच शब्द घ्यावा लागला.

मूळ रोजनिशी हरवली असून लास कासास या धर्मगुरूने केलेला तिचा गोषवाराच उरला आहे, हे ध्यानात ठेव. तथापि 1493 मध्ये छापल्या गेलेल्या कोलंबसाच्या पत्रातही ‘कनोआ’ आहे, आणि 70-80 वल्हेकरी बसलेल्या कनोआ आपण पाहिल्याचे त्यात तो लिहितो. पुढे दोनेक वर्षांतच नेब्रिहा या व्याकरणकाराने आपल्या स्पॅनिश-लॅटिन कोशात हा शब्द घेतला आणि ‘एका लाकडाची नाव’ असा त्याचा अर्थ दिला. अमेरिकेतला शब्द युरोपच्या कोशात शिरण्याची ही पहिलीच वेळ. त्या बेटांवर या नावांसाठी सेइबाचे, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचे, प्रचंड खोड निवडीत; ते विस्तवाने जाळीत जात आणि जळालेला भाग दगडी हत्यारांनी तासून काढीत.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा शब्द मला ‘डोणी’ वाटतो. संस्कृत ‘द्रोणी’ म्हणजे कोरलेले लाकडी पात्र, आणि नावही. गुरांना पाणी पाजण्याची डोण तू आजोळी पाहिली आहेस; ती लांबवून पाण्यात सोडलीस की कनोआचा आकार तुझ्या डोळ्यांपुढे येईल.

स्पॅनिशातून हा शब्द इतर युरोपीय भाषांत पसरला आणि युरोपीय लोकांनी तो उत्तरेकडे नेऊन तिथल्या भूर्जाच्या सालीच्या हलक्या नावांनाही लावला. त्या नावा कोरलेल्या नव्हेत, लाकडी सांगाड्यावर साल शिवून केलेल्या. आणि त्या बांधणाऱ्या ओजिब्वे लोकांपाशी ‘जीमान’ हा स्वतःचा शब्द आहे. म्हणजे ज्या टाइनोंचा शब्द जगभर गेला, त्याच शब्दाने दुसऱ्यांचा शब्द झाकला. टाइनो लोकांवर गुलामी आणि रोगराई कोसळली, त्यांची बोली बोलणारे उरले नाहीत; पण तिचा एक शब्द आपल्या घरी रोज उच्चारला जातो. ‘बटाटा’ हा पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेला शब्द त्यांच्याच ‘बटाटा’चा, म्हणजे रताळ्याचा, आहे.

तू वल्हवलीस ती नाव कनूच होती की कयाक, हे पत्रावरून कळले नाही. गुडघ्यावर किंवा बाकावर बसून एका पात्याचे वल्हे मारलेस तर कनू. पाय पुढे पसरून दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे चालवलेस तर कयाक, आणि तो शब्द इनुइट लोकांचा. पुढच्या पत्रात तेवढे अवश्य कळव, आणि त्या तळ्याकाठी कोणी ओजिब्वे वृद्ध भेटले तर ‘जीमान’चा उच्चार त्यांच्याकडून ऐकून मलाही लिही.

तुझा,
बाबा