निळ्या डब्यातल्या गोळ्या

मुलुंड, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

आज दुपारी तुम्ही दोघं जेवून जरा लवंडलात, तेव्हा मी फ्रिजवरचा तो निळा बिस्किटांचा डबा खाली काढला. डोकं दुखत होतं, एखादी गोळी मिळते का बघावं म्हणून. झाकण उघडलं आणि डोकेदुखी विसरूनच गेले. लादीवर पेपर पसरून सगळं मांडलं. तीसच्या वर अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिप, त्यातल्या निम्म्यांवरचं नाव कापलेलं. बाबांच्या दाढेसाठी मागच्या वर्षी दिलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या उरलेल्या. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाचे डोळ्यांचे थेंब. असे थेंब एकदा उघडले की साधारण महिन्याभरात टाकायचे असतात. आणि रबरबँड लावून ठेवलेल्या आठ रिकाम्या स्ट्रिप, सगळ्या एकाच गोळीच्या.

तिथेच बोलणार होते. पण आई उठून चहा टाकायला गेली, बाबांनी बातम्या लावल्या आणि माझी निघायची वेळ झाली. फोनवर तर बोलणं होतच नाही. बाबांना नीट ऐकू येत नाही, ते "हो हो, आईशी बोल" म्हणतात, आणि आई म्हणते, "आम्ही मजेत आहोत गं, तू तुझं बघ." म्हणून लिहायला बसले. बाबा, घरी आलेला कागद तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. हाही वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

डबा मी पिशवीत घालून घरी आणला आहे. न सांगता आणला, त्याबद्दल आधीच माफी मागते. पण तो तिथे ठेवून मला झोप लागली नसती.

जानेवारीतली ती रात्र आठवते ना? बाबांना साधी सर्दी. केमिस्टकडून सर्दीची गोळी आणली, दोन दिवसांत पाच-सहा घेतल्या, आणि तिसऱ्या रात्री लघवी अडकली. दीड वाजता आईचा फोन. आम्ही टॅक्सी करून पोचलो तेव्हा बाबा पोट धरून पलंगाच्या कडेला बसले होते. बनियन घामाने भिजलेला, ओटीपोट दगडासारखं, आणि तशातही मला म्हणाले, "तू कशाला आलीस एवढ्या रात्री?" हॉस्पिटलात नळी घातल्यावर डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही औषध घेतलं का. आपण तिघांनीही नाही म्हणून सांगितलं. सर्दीची गोळी ही 'औषध' आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. स्ट्रिप आईच्या पर्समध्ये निघाली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

त्या गोळीत नाक सुकवायचं एक औषध असतं, त्याने झोप येते. नाक मोकळं करायचं दुसरं असतं, त्याने रक्तवाहिन्या आवळतात. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेल्या माणसाची लघवी ह्या दोन्हींनी अडकू शकते, आणि दुसऱ्याने बीपीही चढतं. शिवाय त्यातच बहुधा पॅरासिटामॉलही असतं. म्हणजे सर्दीची एक गोळी घेतली आणि अंगदुखीसाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली, तर आपल्याला न कळत दुप्पट जातं. चांगल्या धडधाकट माणसानेही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नसतं, नाहीतर यकृतावर येतं. तुमच्या वयात ६५० मिलिग्रॅमच्या दिवसाला चारच, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून, आणि तेही लागल्याच तर.

सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. खोकला तीन आठवडे रेंगाळू शकतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, गरम पेज, आराम, एवढं पुष्कळ झालं. पण धाप लागली किंवा तीन दिवसांत ताप हटला नाही, तर थांबू नका. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासून घ्यायची, महापालिकेच्या दवाखान्यात ती फुकट होते. टीबी म्हटलं की आपल्याकडे लोक अजून आवाज खाली आणतात. आणू नयेत, बरा होणारा रोग आहे तो.

उरलेल्या अँटिबायोटिकबद्दल एकच सांगते. सर्दी, घसा, अंगदुखी बहुतेक वेळा विषाणूंनी होते, आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालतच नाही. बाबा, तुम्ही "मागच्या वेळी गुण आला होता" म्हणून त्यातल्या दोन गोळ्या घेता. तो गुण दुखण्याचे दिवस भरल्याचा असतो. आणि अशा दोन-दोन गोळ्या घेत राहिलं की जंतू त्या औषधाला सरावतात, मग न्यूमोनियासारखं काही खरोखरचं झालं की तेच औषध कामाला येत नाही. स्ट्रिपच्या मागे उभी लाल रेघ असली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घ्यायची नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ पासून लोकांना ही रेघ ओळखायला सांगितलं आहे. उद्यापासून स्ट्रिप आधी उलटी करून बघा.

आई, आता तुझं. त्या आठ रिकाम्या स्ट्रिप तुझ्या गुडघ्याच्या गोळीच्या. केमिस्टला नमुना दाखवायला तू ठेवतेस, हे मला ठाऊक आहे. दहा-दहाच्या आठ, तीन महिन्यांत. म्हणजे जवळजवळ रोज एक. कुठल्याही डॉक्टरांनी तुला ती रोज घ्यायला सांगितलेली नाही. शेजारच्या काकूंना आराम पडला म्हणून तू सुरू केलीस.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ह्या सगळ्या दुखणं थांबवायच्या गोळ्या एकाच घराण्यातल्या. चार-पाच दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणानंतर, ठीक आहे. रोज घेतल्या की पोटाला आतून जखमा होतात, बीपी वाढतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तू बीपीची गोळी घेतेस, त्यामुळे तुझ्या मूत्रपिंडावर जास्तच ताण. आज तू पाय वर घेऊन बसलीस तेव्हा मी घोट्याजवळ बोट दाबलं, आठवतं? तू म्हणालीस, "वयच झालं आता." माझं बोट काढल्यावरही तिथे खळगा तसाच राहिला होता. चपलेच्या पट्ट्याची खूण तर संध्याकाळपर्यंत गेली नव्हती.

ती सूज गुडघ्याच्या गोळीने असेल, बीपीच्या गोळीनेही असेल, कारण काही गोळ्यांनी घोटे सुजतात. मूत्रपिंडाची असेल, हृदयाची असेल. कशाची ते तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि तपासायला एक रक्ताची आणि एक लघवीची चाचणी पुरते सुरुवातीला. गुडघ्याची गोळी उद्यापासून बंद. बीपीची मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, ती डॉक्टर बघतील.

मग गुडघ्याचं काय, असं तू विचारशील. सकाळी पोथी वाचायला ज्या खुर्चीत बसतेस तिथेच बस. एक पाय समोर सरळ कर, पंजा स्वतःकडे ओढ, मांडी घट्ट झाली पाहिजे. पाच आकडे मोज, सावकाश खाली ठेव. दहा वेळा ह्या पायाने, दहा वेळा त्या. संध्याकाळी परत. मांडीचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. आठवड्यात फरक नाही पडणार, दीड-दोन महिने धर. वरून लावायचं मलम चालेल का ते डॉक्टरांना विचारू, पोटात घेतलेल्या गोळीपेक्षा ते रक्तात फार कमी उतरतं. आणि खाली बसून भाजी निवडणं आता सोड. डायनिंग टेबल नाही तर नाही, ओट्याजवळ उंच स्टूल आणून देते.

बाबा, मागच्या आठवड्यात हिंदमाताला पाणी भरलं होतं आणि तुम्ही पेन्शनच्या कामाला त्यातूनच चालत गेलात. तुम्ही म्हणता, "जन्म गेला ह्या पाण्यातून चालण्यात." गेला, मान्य आहे. पण तेव्हा साखर नव्हती. आता तुमच्या टाचांना भेगा आहेत आणि पायाला बोचलेलं लवकर कळत नाही. त्या पाण्यात उंदरांचं, कुत्र्यांचं, गुरांचं मूत असतं, आणि लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस ह्या तापाचे, जंतू अशाच भेगेतून आत शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने किती घरं हादरली, ते तुम्हीच मला सांगितलं होतंत. साठलेल्या पाण्यातून यावंच लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, आणि दुसऱ्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात जाऊन सांगायचं. लेप्टो होऊ नये म्हणून २४ ते ७२ तासांच्या आत घ्यायचं औषध असतं. कोणाला, किती, ते डॉक्टर ठरवतात. ते केमिस्टकडून आणू नका.

पावसाळ्यात ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या नाहीत, ॲस्पिरिन नाही, कारण डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. ताप एक दिवसाच्या वर टिकला की रक्त तपासायचं, मलेरिया आणि डेंग्यू दोन्हीसाठी. पोटऱ्या खूप दुखत असतील, डोळे लाल झाले असतील तर तेही सांगायचं, ती लेप्टोची खूण असू शकते. आणि डेंग्यूत ताप उतरला की माणूस सुटला असं धरू नका. ताप उतरायच्या सुमारासच धोका असतो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, फार मलूल होणं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी सरळ केईएम हॉस्पिटल. तुमच्या घरापासून टॅक्सीने दहा मिनिटं. मोरीतलं पिंप, कुंडीखालची ताटली आणि फ्रिजच्या मागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून पुसून कोरडा करा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि दिवसा चावतो.

एकादशी जवळ आली. बाबा, तुमचा उपास मोडायला मी सांगणार नाही. पण गेल्या आषाढीला दुपारी तुमचे हात थरथरत होते, दरदरून घाम आला होता, आणि सगळे म्हणाले उपासाने अशक्तपणा आला. साखरेची गोळी घेतलेली, आणि पोटात चहाशिवाय काही नाही. ती साखर उतरली होती. तसं परत झालं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी साखरेच्या मशीनवर बघायचं, ७०च्या खाली असली तर परत तेवढीच. उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची का, किती, हे ह्या वेळी आधीच विचारून ठेवू.

बीपी मोजायचं मशीन मी दिलं, पण तुम्ही तीन जिने चढून आलात की लगेच पट्टा बांधता, आणि आईशी बोलत बोलत मोजता. तो आकडा खरा नसतो. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला उशीवर. मिनिटभराने परत एकदा. दोन्ही आकडे वहीत.

एक गोष्ट मात्र वहीत लिहीत बसायची नाही. छातीत दाब आला, घाम फुटला, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरलं, तर ओवा-सोडा घेऊन "गॅस झालाय" म्हणून पडून राहायचं नाही. आई, बायकांना आणि बाबा, साखर असलेल्यांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवा येतो. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, म्हणजे पक्षाघाताची खूण दिसली, तरीही तेच. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी १०८, मग मी. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

"तुला कशाला त्रास" हे वाक्य तुम्ही दोघं फार वर्षं बोलत आला आहात. जानेवारीत बाबा संध्याकाळी सातपासून अडकून होते आणि मला दीडला कळलं. ते साडेसहा तास मी अजून मनात मोजते. मला त्रास होतो तो त्या साडेसहा तासांचा. टॅक्सीचा, जागरणाचा, रजेचा होत नाही, आई, देवाशपथ होत नाही.

गुरुवारी सकाळी नऊची वेळ मी डॉक्टरांकडे घेतली आहे, दोघांची. रजा टाकली आहे, आठ वाजता खाली टॅक्सी घेऊन येते. रक्त उपाशीपोटी द्यायचं आहे, तेव्हा रात्री नऊनंतर काही खाऊ नका, पाणी चालेल. आई, बीपीची गोळी पाण्याबरोबर नेहमीसारखी घे. बाबा, साखरेची गोळी घरी घेऊ नका, खिशात ठेवा, रक्त दिल्यावर खाऊन मग घ्या. निळा डबा मी घेऊन येईन. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते डॉक्टरांसमोर ठरवू. हे पत्र उद्या कॉलेजला जाताना नातू देऊन जाईल. चहा थर्मासमधून आणते, आणि आईला आवडतात ते उपम्याचे दोन डबे.

तुमची
धाकटी